बैठकीचा शोध

आमच्या भाषेंतील ‘बसणें’ ह्या गरीब क्रियापदाला अलीकडे एक नवा अर्थ चिकटला आहे. चार मित्र भेटले आणि त्यांतील एकानें जरा आवाज उतरवून “मग, आज बसूं या का?” असें विचारलें, म्हणजे तें बसणें कोणतें हें महाराष्ट्रांतील शाळकरी पोरासही समजतें. ‘बैठक’ ह्या शब्दाचीही थोडीफार तीच गत झाली आहे. आम्हांस येथें जिचा इतिहास सांगावयाचा आहे ती बैठक ह्याच्या अगदीं उलट जातीची. म्हणजे दारू सोडूं इच्छिणाऱ्यांनीं आपल्यासारख्याच दुसऱ्यांबरोबर बसण्याची. परंतु तिचा जन्मही गुत्त्यांतच झाला, ही त्या इतिहासांतील पहिली गंमत.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वळण्याचें कारण मात्र गमतीचें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची पत्नी आमच्याकडे आली. विद्यार्थी हुशार, पुढें स्वतः एका हायस्कुलांत शिक्षक झालेला, आमच्या व्याख्यानांचीं टिपणें सर्व वर्गांत त्याचींच स्वच्छ असत. त्याला दारूचें व्यसन जडल्याचें आमच्या कानांवर आलें होतें. परंतु सभ्य माणसें करतात त्याप्रमाणें आम्हीं तें ऐकून न ऐकल्यासारखें केलें होतें. बाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. पुढें ठेवलेला चहा निवून गेला. मग म्हणाल्या, “सर, डॉक्टर म्हणतात, आमचें काम झालें, आतां ह्यांना कुठल्या तरी मंडळींत नेऊन बसवा, एकट्याच्यानें हें निभायचें नाहीं. पण कुठल्या मंडळींत? तुम्ही सांगाल तिथें जातों म्हणतात.”

आम्हीं काय केलें? आम्हीं त्याला दुसऱ्या दिवशीं घरीं बोलावून तासभर उपदेश केला. मनोनिग्रह, कुटुंब, पेशाची प्रतिष्ठा, वडिलांचे कष्ट, कांहीं म्हणून सोडलें नाहीं. तो पूर्वींच्याच नम्रपणें खालीं मान घालून ऐकत होता; फक्त टिपणें घेत नव्हता. जातांना वाकून नमस्कार करून गेला. आठव्या दिवशीं त्याला पुन्हां इस्पितळांत हलवावें लागलें. बाईंच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं असें म्हणण्याऐवजीं आम्हीं व्याख्यान दिलें, ही गोष्ट मनाला लागून राहिली. पुढें जें वाचन घडलें तें त्या लागण्यापोटीं. वाचतां वाचतां असें दिसून आलें कीं, आमची चूक कांहीं नवी नव्हती. तिला सुमारें दोनशें वर्षांची प्रतिष्ठित परंपरा आहे.

अमेरिकेंतील मद्यनिषेधाची संघटित चळवळ १८२६ सालीं बोस्टन येथें स्थापन झालेल्या संस्थेपासून धरतात. तिचे चालक धर्मोपदेशक, वकील व गांवोगांवचे प्रतिष्ठित गृहस्थ. चळवळ जोरांत चालली. छापखान्यांतून पत्रकांचा पाऊस पडला. लाखों लोकांनीं शपथपत्रांवर सह्या केल्या. मात्र सह्या करणारे बहुतेक मुळांतच न पिणारे किंवा क्वचित् पिणारे. अट्टल मद्यप्याविषयीं ह्या सज्जनांचा हिशेब सरळ होता. जे शुद्धीवर आहेत त्यांस शुद्धीवर राखावें. जे बुडाले ते थोड्याच वर्षांत मरून जातील, आणि देश आपोआप निर्मळ होईल. हा हिशेब ते क्रौर्यानें करीत होते असें आम्हांस वाटत नाहीं. दारुड्या सुधारतो हें त्यांनीं कधीं पाहिलेंच नव्हतें.

तें पाहण्याचा योग १८४० सालीं आला. त्या वर्षींच्या एप्रिलच्या आरंभीं बाल्टिमोर शहरांत लिबर्टी स्ट्रीटवरील चेस ह्याच्या गुत्त्यांत सहा सोबती नेहमींप्रमाणें बसले होते. त्यांतला विल्यम मिचेल हा शिंपी. बाकीच्यांत दोन लोहार, एक सुतार, एक गाड्या बांधणारा आणि एक चांदीचा कारागीर. गांवांत मद्यनिषेधाचें व्याख्यान होतें. थट्टेनें म्हणा, कुतूहलानें म्हणा, त्यांनीं आपल्यांतील कांहींजणांस तें ऐकून येण्यासाठीं पाठविलें. ते परत आल्यावर पेल्यांवर वाद माजला. गुत्तेवाल्यानें साऱ्या व्याख्यात्यांस ढोंगी ठरविलें. त्यावर, तूं असें म्हणणारच, तुझें पोट त्यावर आहे, असा टोला त्याला मिळाला. तीन-चार दिवसांच्या आंत त्या सहांनीं आपली स्वतःची मंडळी काढली, मिचेलला अध्यक्ष केलें, आणि तिला वॉशिंग्टनचें नांव दिलें. प्रवेशाची वर्गणी पाव डॉलर. सभा भरविण्यास दुसरी जागा नव्हती, म्हणून पहिल्या सभा त्याच गुत्त्यांत भरल्या! अखेर गुत्तेवाल्याच्या बायकोनें तक्रार केली कीं, आपलीं उत्तमोत्तम गिऱ्हाइकें हातचीं चाललीं. तेव्हां मंडळीला बिऱ्हाड हलवावें लागलें.

ह्या सहाजणांस व्याख्यान देतां येत नव्हतें, आणि हीच त्यांची पुण्याई ठरली. दर आठवड्यास जमावें, प्रत्येकानें उभें राहून स्वतःचीच हकीकत सांगावी, पुढील खेपेस एक तरी पिणारा सोबती बरोबर आणावा, एवढाच त्यांचा शिरस्ता. तत्त्वज्ञान नाहीं, आंकडे नाहींत, यकृताचीं चित्रें नाहींत. ऐकणाऱ्याला प्रथमच असें दिसे कीं, जो बोलतो आहे तो आपल्याच गटारांत लोळून उठलेला आहे, आणि उठलेला आहे. जून महिन्यांत जॉन हॉकिन्स नांवाचा टोप्या करणारा त्यांच्यांत आला. आज तरी मला दारू आणायला पाठवूं नका, अशी आपल्या लहानग्या मुलीनें, हॅनानें, एके सकाळीं केलेली विनवणी तो सभासभांतून सांगे, आणि श्रोत्यांतील दांडगे खलाशी डोळे पुशीत. १८४१ च्या वसंतांत मंडळीचा पहिला वाढदिवस झाला, तेव्हां बाल्टिमोरच्या रस्त्यांतून निघालेल्या मिरवणुकींत सुधारलेल्या मद्यप्यांचीच संख्या हजाराच्या घरांत होती. त्याच सालीं स्त्रियांच्या मंडळ्या मार्था वॉशिंग्टनच्या नांवानें निघाल्या. त्या मद्यप्यांच्या उघड्या पडलेल्या संसारांस कपडेलत्ते पुरवीत, आणि पिणाऱ्या बायकांनाही जवळ करीत. पिणाऱ्या बायका असतात हें उघडपणें कबूल करण्यास आम्हां लोकांस अद्यापि जड जातें, हें येथें सहज आठवलें.

२२ फेब्रुवारी १८४२ रोजीं स्प्रिंगफील्ड गांवच्या ह्याच मंडळीपुढें एका ३३ वर्षांच्या वकिलाचें भाषण झालें. त्याचें नांव अब्राहम लिंकन. तो स्वतः पीत नसे. तरी त्यानें जुन्या सुधारकांची बाजू घेतली नाहीं. त्याचा मुद्दा असा कीं, आजवर हें काम उपदेशक, वकील आणि भाडोत्री प्रचारक ह्यांच्याकडे होतें. त्यांना मद्यप्याविषयीं आपलेपणा नव्हता, आणि शिव्या देऊन कोणाचें मन वळत नाहीं. जे आपण व्यसनांत सांपडलों नाहीं ते आपल्या बुद्धीच्या किंवा नीतीच्या थोरवीमुळें वांचलों असें समजूं नये. आपल्याला तशी तहानच नव्हती, एवढेंच त्यांतलें श्रेय, असेंही त्यानें सुचविलें. सभेंतील कित्येक धर्मशील मंडळींस हें बोलणें फार झोंबलें. आमच्या बैठकीच्या खोलींत विद्यार्थ्यापुढें बसून आम्हीं जो तास घेतला, त्यालाही तें तसेंच झोंबणारें आहे.

एवढा जोम असलेली ही चळवळ सात-आठ वर्षांत बहुतेक ठिकाणीं विझली. इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्या उदयापेक्षां हा अस्तच अधिक शिकवून जातो. प्रथम म्हणजे तिचे सभासद म्हणून न पिणारेच पुष्कळ शिरले. त्यांना हकीकत नव्हती, मतें होतीं. मग दारूबंदीचा कायदा करावा कीं मन वळवावें ह्यावर तट पडले. धर्मोपदेशकांस ह्या सभांत धर्म कमी वाटला, कांहींस त्यांतील विनोद ग्राम्य वाटला. तिसरें असें कीं, ज्याची हकीकत अधिक भयंकर त्याला गर्दी अधिक, असें होऊन सभेचा तमाशा बनला. पट्टीचे वक्ते तिकीट लावून गांवोगांव फिरूं लागले. त्यांतला सर्वांत नांवाजलेला जॉन गॉफ हा १८४५ सालीं न्यूयॉर्कमध्यें कांहीं दिवस नाहींसा झाला आणि पुढें झिंगलेल्या अवस्थेंत सांपडला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्याच्याबरोबर साऱ्या चळवळीचे वाभाडे काढले. तो पुढें सांवरला व जन्मभर बोलत राहिला, ही गोष्ट निराळी; पण एका माणसाच्या पायावर इमारत उभारली कीं त्याचा पाय घसरतांच काय होतें हें दिसून आलें.

जे उरले ते वर्गणी, बिल्ले, खुणेचे शब्द असलेल्या बंदिस्त मंडळ्यांत गेले. अशांपैकीं ‘मद्यसंयमाचे पुत्र’ ह्या मंडळीच्या रिचमंड येथील शाखेंत १८४९ च्या ऑगस्टमध्यें एडगर ॲलन पो ह्यानें शपथ घेतली. ऑक्टोबरच्या ७ तारखेस तो बाल्टिमोरच्या इस्पितळांत मरण पावला. त्या मृत्यूचें कारण काय ह्याविषयीं चरित्रकारांत आजही एकमत नाहीं, म्हणून आम्हीही त्यावरून कांहीं सिद्ध करूं पाहत नाहीं.

आमच्याकडे काय होतें? येथील मद्यपानविरोधी कार्य प्रथमपासून न पिणाऱ्यांच्याच हातीं राहिलें. विल्यम केन ह्या पार्लमेंटच्या सभासदानें १८८८ सालीं काढलेल्या अँग्लो-इंडियन संस्थेचा भर सरकारच्या अबकारी धोरणावर होता, आणि तो योग्यच होता. १९०८ सालीं पुण्यास दारूच्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहिले, तेव्हां टिळकांसह पुष्कळ पुढारी त्यांच्या पाठीशीं होते. परंतु हा सारा झगडा दुकानाशीं होता. दुकानांतून बाहेर पडलेल्या आणि पुन्हां आंत न जाऊं इच्छिणाऱ्या माणसानें त्या संध्याकाळीं जावें कोठें, ह्याचा विचार त्यांत नव्हता.

१९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चें आमच्या वाचकांस स्मरण देण्याची गरज नाहीं. त्यांतील एक गोष्ट मात्र आम्हांस ह्या वाचनानंतरच नीट दिसली. सुधाकराभोंवतीं रामलालासारखा विद्वान व निर्व्यसनी मित्र आहे, सिंधूसारखी पत्नी आहे. आणि मंडळी म्हणावी अशी सबंध नाटकांत एकच आहे, ती तळीरामाचें आर्यमदिरामंडळ! तेथें भेदभाव नाहीं, उपदेश नाहीं, नवख्याला मोठ्या अगत्यानें जागा करून देतात. व्यसनी माणसाला जो शेजार हवा असतो तो गडकऱ्यांच्या नाटकांत फक्त पिणाऱ्यांजवळ सांपडतो. नाटककाराचा हा दोष नव्हे; १९१९ सालच्या महाराष्ट्रांत दुसरें मंडळ त्यानें आणावें कोठून?

तें दुसरें मंडळ त्यानंतर सोळा वर्षांनीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांतल्या ॲक्रन गांवीं जन्मास आलें. तें जन्मास येण्यापूर्वीं दीडच वर्ष, १९३३ च्या डिसेंबरांत, त्या देशानें आपली तेरा वर्षें चालविलेली दारूबंदी उठविली होती. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतील कंपन्यांची पारख करणारा बुद्धिमान पण दारूनें धुळीस मिळालेला मनुष्य. १९३४ च्या नोव्हेंबरांत त्याचा एक जुना पेलेबंधु स्वच्छ डोळ्यांनीं त्याच्या घरीं आला आणि पुढें केलेला पेला नको म्हणाला, ह्याचाच त्याला प्रथम धक्का बसला. डिसेंबरांत तो टाउन्स इस्पितळांत चौथ्यांदा दाखल झाला. तेथील डॉक्टर सिल्कवर्थ हे मद्यासक्ति हा नुसता दुर्गुण नसून रोग आहे असें म्हणणारे. विल्सन तेथून बाहेर पडला तो पुन्हां प्यालाच नाहीं. आपल्याला झालेला साक्षात्कार तो पुढील पांच महिने न्यूयॉर्कच्या दारुड्यांस सांगत सुटला. एकही सुधारला नाहीं! निराश होऊन त्यानें पत्नीजवळ तक्रार केली, तेव्हां तिनें लक्षांत आणून दिलें कीं, निदान तूं तर प्याला नाहींस. सिल्कवर्थ ह्यांनीं सल्ला दिला कीं, प्रवचन आवर. आधीं रोगाची गोष्ट सांग. म्हणजे विल्सननेंही आरंभीं आमच्याच जातीची चूक केली होती, हें वाचून आम्हांस थोडा धीर आला हें कबूल करतों.

मे १९३५ मध्यें तो ॲक्रनला एका कंपनीच्या ताब्यासाठीं चाललेल्या झगड्यांत भाग घेण्यास गेला व हरला. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यांत शनिवारच्या दुपारीं तो एकटा येरझाऱ्या घालीत होता. खिशांत फारसें कांहीं नाहीं. एका टोंकाला मद्यगृह, तेथून हंसण्याचे आवाज येत आहेत. दुसऱ्या टोंकाला टेलिफोन आणि गांवांतील देवळांची यादी. त्यानें यादींतील एका पाद्र्यास टेलिफोन केला. मागणी चमत्कारिक होती: मला मदत हवी आहे असें तो म्हणाला नाहीं, मला मदत करतां येईल असा एखादा मद्यपी तुमच्या गांवांत आहे काय, असें त्यानें विचारलें. पाद्र्यानें दिलेल्या नांवांमागून नांवें हुडकतां हुडकतां तो हेन्रिएटा सायबर्लिंग ह्या बाईंपर्यंत पोंचला. त्यांच्या ओळखीचा एक मद्यपी होता खरा. पण डॉक्टर बॉब स्मिथ त्या दिवशीं भेटण्याच्या स्थितींत नव्हते. दुसऱ्या दिवशीं मातृदिन म्हणून त्यांनीं पत्नीसाठीं कुंडींतलें एक झाड आणलें होतें. झाड टेबलावर ठेवून ते स्वतः निपचित पडले होते.

रविवारीं, १२ मे रोजीं, संध्याकाळीं पांच वाजतां डॉक्टरांस पत्नीनें ओढून आणलें. पंधरा मिनिटांपेक्षां जास्त बसणार नाहीं अशी अट घालून ५५ वर्षांचे हे शस्त्रवैद्य, हात थरथरत असलेले, ३९ वर्षांच्या विल्सनपुढें बसले; उठले ते रात्रीं अकराच्या पुढें. विल्सननें त्यांना उपदेश केला नाहीं. स्वतःची हकीकत सांगितली, आणि आपल्याला तुमची गरज आहे असें सांगितलें. दारूवर लिहिलेलें सारें डॉक्टरांनीं वाचलेलें होतें. अनुभवानें जाणणाऱ्या माणसाच्या तोंडून तें त्यांनीं प्रथमच ऐकलें. ह्यानंतर ते एकदां घसरलेच. अटलांटिक सिटी येथील वैद्यकीय परिषदेस गेले आणि पिऊन परत आले. मग १० जून १९३५ ह्या दिवशीं, शस्त्रक्रियेपूर्वीं हात स्थिर व्हावा म्हणून घेतलेली बिअरची बाटली ही त्यांची शेवटची ठरली. १९५० सालीं मरेपर्यंत ते प्याले नाहींत. हाच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे अनामिक मद्यप्यांच्या संघाचा जन्मदिवस मानतात. तिसरा सभासद त्याच महिन्यांत मिळाला: परिचारिकांवर हात टाकल्यामुळें इस्पितळांत पलंगाला बांधून ठेवलेला एक वकील, म्हणजे आमच्या सुधाकराचा व्यवसायबंधूच.

आतां आम्ही बाईंच्या प्रश्नापाशीं येतों. मंडळी तर सांपडली. पण ती प्रत्येकाला मानवेल कशी? ह्या संघाच्या पहिल्या पंधरा वर्षांचा इतिहास म्हणजे ह्याच एका प्रश्नाशीं झालेल्या झटापटींचा इतिहास होय. आरंभीं ॲक्रनचे मद्यपी ऑक्सफर्ड ग्रूप ह्या ख्रिस्ती धर्मसुधारक पंथाच्या बैठकांत बसत. क्लीव्हलंडहून मोटारीनें तेथें येणाऱ्यांत कांहीं कॅथलिक होते. त्यांच्या धर्मगुरूंस त्या पंथाच्या सभेंत बसणें मंजूर नव्हतें. परमेश्वर सोडावा कीं दारू सोडावी, असा त्यांच्यापुढें पेंच पडला. मे १९३९ मध्यें क्लीव्हलंडच्या मंडळींनीं आपली बैठक वेगळी केली आणि नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचें नांव तिला दिलें. ह्या फुटीनें पुष्कळ मनें दुखावलीं. परंतु फुटण्यामुळेंच बैठक वाढली, असा आमचा स्पष्ट निष्कर्ष आहे. न्यूयॉर्कच्या मंडळींत एक-दोन कट्टर नास्तिक होते. त्यांच्या हट्टामुळें पुस्तकांतील ईश्वराच्या उल्लेखाला, ज्याला जसा उमगेल तसा, अशी पुस्ती जोडली गेली, आणि एका अक्षरशः छोट्या वाक्यखंडानें बौद्ध, हिंदु व नास्तिक अशा पुढील पिढ्यांना दार उघडें राहिलें.

स्त्रियांचें काय? मार्टी मॅन ही सुशिक्षित, श्रीमंत घराण्यांतील स्त्री १९३९ च्या एप्रिलांत ब्रुकलिनमधील विल्सनच्या घरच्या बैठकीस प्रथम गेली, तेव्हां तेथें जवळजवळ सारे पुरुषच होते. कित्येक गांवांत सभासदांच्या बायकांनाच मद्यपी स्त्री बैठकींत नको होती. वर्णाची अडचण त्याहून मोठी. अनेक गोऱ्या मंडळ्यांनीं कृष्णवर्णीयांस आंत घेतलें नाहीं. तेव्हां १९४५ सालीं वॉशिंग्टन, सेंट लुई इत्यादि शहरांत त्यांनीं स्वतःच्या बैठका सुरू केल्या. ह्या संघाचे भक्त इतिहासकार हा भाग लवकर उरकतात. तो लवकर उरकण्यासारखा नाहीं.

१ मार्च १९४१ रोजीं ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ ह्या साप्ताहिकांत संघावर लेख आला आणि सुमारें दोन हजार असलेले सभासद वर्षअखेर आठ हजारांवर गेले. नव्या मंडळ्यांनीं भीतीपोटीं नियम केले: वेडसर नको, भिकारी नको, तुरुंगांतून आलेला नको, अमुक प्रकारची बाई नको. मध्यवर्ती कचेरीनें हे सारे नियम मागवून एकत्र केले, तेव्हां असें आढळलें कीं, ते सर्व एकदम लागू केले तर संघांत एकही माणूस राहूं शकणार नाहीं; दोघे संस्थापक तर नाहींच नाहीं. त्यांतून १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या व १९५० सालीं क्लीव्हलंडच्या परिषदेंत संमत झालेल्या बारा परंपरांपैकीं तिसरी निघाली. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. बाहेरच्या वादांत मत द्यावयाचें नाहीं, बाहेरची देणगी घ्यावयाची नाहीं, कोणाचें नांव गाजवावयाचें नाहीं, ह्या इतर परंपरा वाचतांना बाल्टिमोरच्या मंडळीचें प्रेत डोळ्यांपुढें उभें राहतें. विल्सननें तो इतिहास पुढें मुद्दाम वाचला होता, आणि त्याविषयीं लिहिलेंही होतें.

भारतांत हा संघ १९५७ सालीं मुंबईंत सुरू झाला. मुंबई राज्यांत १९५० पासून संपूर्ण दारूबंदी होती. म्हणजे कायद्याप्रमाणें ज्या शहरांत पिणाराच नसावा, तेथें न पिण्यासाठीं बसणाऱ्यांची मंडळी निघाली! कायदा आणि बैठक हे दोन स्वतंत्र विषय आहेत, हें ह्याहून स्पष्ट कोणी सांगावें? पुढें १९८१ सालीं वांद्र्यास कृपा फाउंडेशन आणि १९८६ सालीं पुण्यास अवचट दांपत्याचें मुक्तांगण निघालें. तेथेंही व्यसनांतून बाहेर आलेलीं माणसेंच नव्या रुग्णांच्या उशाशीं बसतात. आजमितीस महाराष्ट्रांत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांतून बैठका भरतात. कांहीं बंद, म्हणजे फक्त मद्यप्यांसाठीं. कांहीं उघड्या, जेथें घरच्यांस किंवा आमच्यासारख्या तिऱ्हाइतासही बसतां येतें. नातेवाइकांचा अल्-अनॉन हा संघ निराळा. तो विल्सनच्या पत्नीनें, लोइसनें, १९५१ सालीं उभा केला.

सर्वांनीं ह्याच पद्धतीनें बसावें असें मात्र नाहीं. जपानांत १९६३ सालीं ज्या मद्यत्यागी मंडळ्यांचें अखिल जपानी संघटन झालें, तेथें नांव लपवीत नाहींत. नवरा-बायको जोडीनें जाऊन बसतात. झाग्रेब येथें व्लादिमिर हुदोलिन ह्या डॉक्टरांनीं १९६४ पासून सबंध कुटुंबांचे क्लब काढले. ईश्वराचें नांवच नको असणाऱ्यांच्या मंडळ्या अमेरिकेंत १९८५ नंतर निघाल्या. केवळ स्त्रियांची त्याआधीं दहा वर्षें निघाली होती. आम्हां मराठी माणसांस अनामिकता अधिक मानवेल कीं जपानी रीत, हें सांगणें कठीण आहे. ज्या वाड्यांत शेजाऱ्याला आपल्या आमटीची फोडणी कळते तेथें अनामिक राहावें तरी कसें? २०२० सालीं कॉक्रेनच्या वैद्यकीय समीक्षकांनीं २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्ण ह्यांचा आढावा घेऊन असें नमूद केलें कीं, सतत मद्यमुक्त राहण्याच्या बाबतींत ह्या बैठकांकडे पद्धतशीरपणें वळविलेले रुग्ण इतर प्रस्थापित उपचार घेतलेल्यांपेक्षां सरस ठरले. हें मद्यसंघाबाहेरच्या लोकांनीं मोजलेलें आहे, म्हणून सांगितलें. अर्थात् पुष्कळ वर्षें नित्य पिणाऱ्यानें डॉक्टरास न विचारतां एकदम दारू बंद करणें जिवावर बेतूं शकतें. आधीं इस्पितळ, मग बैठक, हा क्रम त्या बाईंच्या डॉक्टरांनीं बरोबर सांगितला होता.

आमचा विद्यार्थी दुसऱ्यांदा इस्पितळांतून सुटल्यावर प्रथम एका इंग्रजी बैठकीस गेला. तेथें सारे सुटाबुटांतले. त्यांची दारूही परदेशी आणि दुःखेंही परदेशी, असें तो नंतर म्हणाला. दुसऱ्या ठिकाणीं दारांतच त्याला आपल्या शाळेंतील एका मुलाचे वडील दिसले आणि तो जिन्यावरूनच परतला. अशा वेळीं जुने सभासद नवख्याला सांगतात कीं, एका बैठकीवरून साऱ्या बैठकांचा निकाल करूं नये. पण हें त्याला सांगणारें तेव्हां कोणी नव्हतें, आणि आम्हांस तर ठाऊकच नव्हतें. तिसऱ्या खेपेस बायकोनें नेऊन सोडलें. ती बैठक एका नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेच्या वर्गांत भरत असे. त्या दिवशीं बोलणारा गृहस्थ गिरणींत फिटर होता. बाटली कोठें कोठें लपवीत असूं, ह्याची तो यादी सांगत होता: पिठाच्या डब्यांत, पाण्याच्या टाकींत, सायकलच्या सीटखालच्या पिशवींत. डॉक्टर स्मिथ ॲक्रनला कोळशाच्या खणांत आणि तळघराच्या तुळयांवर लपवीत. आमचा विद्यार्थी तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागें लपवी. तो त्या बांकावर बसल्या बसल्या मोठ्यानें हंसला. किती महिन्यांनीं, तें त्याच्या पत्नीनें आम्हांस सांगितलें. नंतर दर गुरुवारीं तो तेथेंच जाऊं लागला.

दोन वर्षांनीं त्याच्या मद्यमुक्तीच्या वाढदिवसाची उघडी बैठक होती, म्हणून त्यानें आम्हांस बोलावलें. आम्ही गेलों. पहिलीच्या मुलांच्या बांकांत गुडघे अडकवून मागच्या रांगेंत बसलों. फळ्यावर बाराखडी तशीच होती. चहाची किटली फिरली. पाव-शतकापूर्वीं दारू सोडलेले एक आजोबा आणि त्याच सकाळीं इस्पितळांतून सुटलेला एक पोर एकाच बांकावर बसले होते. आमचा विद्यार्थी उठला, नांव सांगितलें, मद्यपी असल्याचें सांगितलें, आणि पंधरा मिनिटें बोलला. त्यानें आमचा उल्लेख केला नाहीं. शेवटीं अध्यक्षस्थानीं बसलेल्या त्या फिटरनें आमच्याकडे पाहून मोठ्या आदरानें विचारलें, “सर, आपण दोन शब्द बोलणार का?” आम्हीं नको म्हणून हात हलविला, आणि किटली पुन्हां आमच्यापर्यंत आली तेव्हां आणखी अर्धा कप चहा घेतला.